‘रन’चे अर्थ किती? : कोशकार आणि मीमांसक यांचा संवाद

इंग्रजीतील जी क्रियापदे शाळकरी मुलाला पहिल्याच वर्षी शिकवली जातात, त्यांच्याच नोंदी मोठ्या कोशांत सर्वांत लांब असतात आणि त्यांचाच अर्थ ठरवताना पंडितांची सर्वांत अधिक दमछाक होते. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली प्रसिद्ध केलेल्या कोशात ‘टेक’ या एका क्रियापदाचे १३४ अर्थ नोंदवले, आणि प्रस्तावनेत अशा नाठाळ क्रियापदांची यादीच देऊन, त्यांचे अर्थ मूळ कल्पनेपासून इतके दूर भरकटले आहेत की त्यांचा माग काढणे कठीण झाले आहे, अशी तक्रार केली. त्या यादीत ‘रन’ हेही होते. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वाधिक अर्थांचा मान ‘सेट’कडे होता आणि तो आकडा सुमारे ४३० होता, परंतु पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी फेरसंपादन सुरू झाले, तेव्हा पीटर गिलिव्हर या संपादकाने ‘रन’च्या नोंदीवर सुमारे नऊ महिने काम करून केवळ क्रियापदाचेच ६४५ अर्थ वेगळे काढले. याउलट प्रिन्स्टन विद्यापीठात तयार झालेल्या ‘वर्डनेट’ या संगणकीय शब्दजालात याच क्रियापदाचे ४१ अर्थ दिले आहेत.

एकाच शब्दाचे एका ठिकाणी ६४५ आणि दुसऱ्या ठिकाणी ४१ अर्थ भरत असतील, तर मोजले जाते ते नेमके काय, हा प्रश्न टाळता येत नाही. त्यावर दोन पक्ष संभवतात. एका शब्दाला परस्परांशी नाते असलेले अनेक अर्थ असतात, असे मानणाऱ्या पक्षाला अनेकार्थवादी म्हणता येईल. या अनेकार्थतेला मिशेल ब्रेआल या फ्रेंच अभ्यासकाने ‘पॉलिसेमी’ हे नाव दिले आणि १८९७ च्या आपल्या अर्थशास्त्रावरील, म्हणजे शब्दार्थाच्या शास्त्रावरील, ग्रंथात तिचे विवेचन केले. दुसरा पक्ष एकार्थवादी असून, शब्दाचा अर्थ एकच व अमूर्त असतो आणि बाकीचे सर्व संदर्भातून येते, असे तो मानतो. चार्ल्स रूल या भाषाशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये याच भूमिकेचे समर्थन करणारे पुस्तक लिहिले. भारतीय परंपरेला हा वाद नवा नाही, कारण एका अर्थाने काम भागत असताना शब्दाला अनेक अर्थ चिकटवणे न्याय्य नाही असा मीमांसकांचा दंडक होता, तर धातू अनेकार्थी असतात हे वैयाकरणांनी पतंजलीच्या काळापासून मान्य केले होते. पुढील संवादात पहिला पक्ष कोशकार मांडतो आणि दुसरा मीमांसक.

कोशकार : अर्थ तर्काने ठरवायचे नसतात, वापर पाहून ठरवायचे असतात. ‘द बॉय रन्स’ म्हटले की मुलगा धावतो, ‘द टॅप इज रनिंग’ म्हटले की नळ वाहत असतो, ‘द प्ले रॅन फॉर टू इयर्स’ म्हटले की नाटकाचे प्रयोग दोन वर्षे चाललेले असतात, ‘शी रन्स अ बेकरी’ म्हटले की कोणी बाई बेकरी चालवत असते, ‘ही इज रनिंग अ टेम्परेचर’ म्हटले की रुग्णाच्या अंगात ताप असतो, आणि ‘द पेपर रॅन द स्टोरी’ म्हटले की वृत्तपत्राने बातमी छापलेली असते. धावणे, वाहणे, चालणे, चालवणे, अंगात असणे आणि छापणे या सहा क्रिया एकच आहेत, असे म्हणणारा मनुष्य सिद्धान्त वाचवण्यासाठी भाषेचा बळी देतो.

मीमांसक : मराठीत सहा क्रियापदे लागली, एवढेच आपण सिद्ध केले. परभाषेत किती शब्द लागतात यावरून मूळ शब्दाचे अर्थ मोजायचे झाले, तर प्रत्येक नव्या भाषेबरोबर इंग्रजी शब्दाच्या अर्थांची संख्या बदलेल. जर्मन माणसाला मूल आणि यंत्र या दोहोंसाठी ‘लाउफेन’ हे एकच क्रियापद पुरते, म्हणून त्याच्या हिशेबी इंग्रजी ‘रन’चा एक अर्थ कमी धरायचा काय? शिवाय आपल्या उदाहरणांतील ताप ‘टेम्परेचर’मध्ये आहे आणि छपाई ‘पेपर’ व ‘स्टोरी’ यांत आहे. ‘रन’ने पुरवले ते एवढेच की एखादी गोष्ट आपल्या मार्गाने, अडथळ्यावाचून, अखंड पुढे सरकत आहे. शेजारच्या शब्दांची मिळकत क्रियापदाच्या नावावर चढवली की ६४५ काय, ६००० अर्थही भरतील.

कोशकार : मग ‘ही रॅन अ हॉटेल अँड अ मॅरेथॉन’ हे वाक्य ऐकून इंग्रज हसतो का? एकाच क्रियापदाला दोन कर्मे एकदम जोडून पाहावीत आणि वाक्य विचित्र वाटले तर क्रियापद तेथे दोन अर्थांनी आले आहे असे समजावे, ही अर्थविचारातील जुनी कसोटी आहे. अर्थ एकच असता, तर हॉटेल आणि मॅरेथॉन एका ‘रन’खाली सुखाने नांदले असते.

मीमांसक : ती कसोटी प्रत्येक वेळी निराळा निकाल देते. ‘द रोड अँड द रिव्हर रन साइड बाय साइड’ हे वाक्य कोणालाही खटकत नाही. वस्तुतः नदीचे पाणी खरोखर वाहते आणि रस्ता जागचा हलत नाही, म्हणजे आपल्या पद्धतीने येथे दोन अर्थ असायला हवेत.

या ठिकाणी मीमांसकाचे म्हणणे मान्य करावे लागते. स्थिर वस्तूच्या विस्ताराचे वर्णन गतिवाचक क्रियापदाने करण्याच्या या प्रकाराला लेनर्ड टाल्मी या भाषाशास्त्रज्ञाने जी संज्ञा वापरली, तिचा आशय ‘कल्पित गती’ असा आहे; पाहणाऱ्याची नजर रस्त्यावरून सरकते आणि ती गती भाषा रस्त्याला बहाल करते. मराठीतही रस्ता गावाकडे जातो आणि घाटातून वर चढतो. ही कल्पित गती वेगळा अर्थ मानावी की त्याच अर्थाचा एक वापर, याचा निवाडा कसोटीने होत नाही, कारण कसोटी हो किंवा नाही असे उत्तर देते आणि विचित्रपणा मात्र कमीअधिक असतो. खुद्द कोशव्यवसायातही या मोजणीविषयी अविश्वास आहे: ॲडम किलगॅरिफ या संगणकीय कोशविद्येच्या अभ्यासकाने १९९७ च्या एका गाजलेल्या निबंधात शब्दार्थांच्या स्वतंत्र अस्तित्वावर आपला विश्वास नसल्याचे शीर्षकातच जाहीर केले, आणि अर्थ म्हणजे विशिष्ट प्रयोजनासाठी केलेली वापराच्या नमुन्यांची गटवारी होय, असे प्रतिपादन केले. वर्डनेट आणि ऑक्सफर्ड यांची प्रयोजने वेगळी असल्याने त्यांच्या गटवाऱ्याही वेगळ्या होतात. तथापि एवढ्याने कोशकार हार मानत नाही, आणि त्याने मानूही नये, कारण त्याचा भक्कम पुरावा अजून पुढे यायचा आहे.

कोशकार : तर्क बाजूला ठेवून इतिहास पाहावा. आज जे एकच ‘रन’ दिसते, ते मुळात दोन क्रियापदांचे मिश्रण आहे. प्राचीन इंग्रजीत ‘रिनन’ किंवा वर्णविपर्ययाने, म्हणजे ‘र’ आणि स्वर यांची अदलाबदल होऊन, ‘इर्नन’ असे अकर्मक क्रियापद होते आणि त्याचा अर्थ धावणे असा होता; त्याच्या शेजारी ‘ॲर्नन’ हे प्रयोजक, म्हणजे दुसऱ्याकडून क्रिया करवून घेण्याचे, क्रियापद होते आणि त्याचा अर्थ घोडा दौडवणे असा होता. उत्तरेकडून आलेल्या वसाहतकारांच्या जुन्या नॉर्स भाषेतही ‘रिना’ आणि ‘रेना’ अशी तशीच जोडी होती. जर्मनने ‘रिनेन’ आणि ‘रेनेन’ ही दोन क्रियापदे आजवर वेगळी ठेवली आहेत. इंग्रजीत मात्र मध्ययुगात ही रूपे एकमेकांत मिसळली आणि अखेरीस भूतकालवाचक धातुसाधितातील ‘उ’कार सर्वत्र पसरून ‘रन’ हे एकच रूप उरले. म्हणून ‘द हॉर्स रन्स’ आणि ‘ही रन्स द हॉर्स’ ही दोन्ही वाक्ये संभवतात. दोन क्रियापदांचा वारसा ज्याच्याकडे आला, त्या शब्दाचा अर्थ एकच असल्याचे कोणत्या न्यायाने म्हणायचे?

मीमांसक : हा पुरावा आपल्याच विरुद्ध जातो. चालणे आणि चालवणे, पळणे आणि पळवणे या जोड्यांत मराठी ‘व’ हा प्रत्यय लावून करणारा आणि करवणारा यांतील भेद दाखवते. इंग्रजीने प्रत्यय टाकून दिला आणि तो भेद दाखवण्याचे काम वाक्यातील कर्मावर सोपवले. भेद व्याकरणाचा आहे. बेकरी चालते आणि बाई बेकरी चालवते, यांत चालण्याचा अर्थ बदलत नाही.

कोशकार : आणि ‘रन अ रिस्क’? तेथे धोका चालत नाही आणि कोणी त्याला चालवतही नाही. धोका पत्करला जातो. ‘रन अ ब्लॉकेड’ म्हणजे नाकेबंदी भेदून पलीकडे जाणे, ‘रन अ रेड लाइट’ म्हणजे लाल दिवा असताना न थांबता गाडी पुढे नेणे, ‘रन गन्स’ म्हणजे बंदुकांची चोरटी वाहतूक करणे. मधल्या दोहोंत कर्म म्हणजे ओलांडायचा अडसर आहे आणि चौथ्यात वाहून न्यायचा माल आहे. यांतील कोणते नाते आपल्या व्याकरणाने आगाऊ सांगितले असते? शिवाय निवडणूक लढवण्याला अमेरिकन माणूस ‘रन’ म्हणतो आणि ब्रिटिश माणूस ‘स्टँड’, म्हणजे एकाच पदासाठी एकजण धावतो आणि दुसरा उभा राहतो. मराठी माणूसही निवडणुकीला उभाच राहतो. मूळ अर्थात जे नाही, ते रूढीत आहे, आणि रूढी नोंदवण्यासाठीच कोश असतो.

मीमांसक या आक्षेपाला समाधानकारक उत्तर देऊ शकत नाही. एकार्थवादाचे दुखणे येथेच आहे की कोणताही वापर घडून गेल्यावर तो त्या अमूर्त अर्थात बसवून दाखवता येतो, परंतु कोणता वापर रूढ होईल आणि कोणता होणार नाही, हे त्या अर्थावरून सांगता येत नाही. अखंड सरकणे हा गाभा खरा मानला, तरी इंग्रजीत वर्तमानपत्र बातमी ‘रन’ करते आणि पत्रलेखक पत्र ‘रन’ करत नाही, याचे कारण त्या गाभ्यात शोधून सापडणार नाही.

कोशकार : आणखी एक शंका आहे. यंत्र अडथळ्यावाचून काम करत असेल तर इंग्रज त्याला ‘रन’ म्हणतो, फ्रेंच माणूस ‘मार्शे’ म्हणजे चालणे हे क्रियापद वापरतो, आणि मराठीतही यंत्र, घड्याळ, खटला, नाटक, दुकान हे सर्व चालतेच. गाभा जर अखंड गतीचा असेल, तर तो इंग्रजी ‘वॉक’मध्येही आहे, मग ‘द मशीन वॉक्स’ असे का म्हणत नाहीत? उत्तर एवढेच की इंग्रजीने धावण्याचे रूपक निवडले आणि इतरांनी चालण्याचे.

मीमांसक : येथे आपण एक गोष्ट गृहीत धरली, ती तपासून घ्यावी. पायांनी धावणे हा ‘रन’चा मूळ अर्थ आणि पाणी, यंत्र, कारभार ही त्यावरची रूपके, असे आपण समजून चालला आहात. पण प्राचीन इंग्रजीतही वाहत्या पाण्याला हेच क्रियापद लावलेले आढळते, आणि आपणच उल्लेखिलेल्या जर्मन ‘रिनेन’चा आजचा अर्थ पाझरणे, वाहणे असाच आहे. म्हणजे आजचे ‘वॉक’ पावलांना बांधलेले आणि ‘रन’ आरंभीपासून मोकळे. नळाला धावपटूची उपमा कोणी दिलेली नाही. जे जे मार्गाने वेगात सरकते, ते ते ‘रन’, आणि धावणारा मुलगा हा त्यातील एक प्रकार.

संवादातील हा युक्तिवाद सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण अनेकार्थवादी विवेचनात शरीराची क्रिया आधी आणि बाकीचे विस्तार नंतर असा क्रम जणू निसर्गसिद्ध मानला जातो, आणि ‘रन’च्या बाबतीत ज्ञात इतिहास त्याला दुजोरा देत नाही. याला संस्कृतातून एक बोलके साम्य मिळते. मराठी ‘धावणे’ ज्या ‘धाव्’ धातूपासून आले, त्याला धातुपाठात गती आणि शुद्धी असे दोन अर्थ दिलेले आहेत, आणि वैदिक वापरात तो प्रवाहांनाही लागतो. वाहणे, धावणे आणि धुऊन स्वच्छ करणे यांना एकच धातू मानावा की योगायोगाने सारखे दिसणारे दोन धातू मानावेत, यावर मतभेद आहे: धातुपाठ एकाच नोंदीत दोन्ही अर्थ देतो, तर आधुनिक अभ्यासक दोन धातू वेगळे काढतात. पहिल्या प्रकाराला अनेकार्थता आणि दुसऱ्याला समरूपता म्हणतात. रूप तेच, पण कूळ वेगळे, हा समरूपतेचा विशेष. आता ‘रन’ हे सोयरिकीने एक झालेल्या दोन क्रियापदांचे अपत्य असल्यामुळे त्याला या दोन्हींपैकी कोणत्याही खणात नीट बसवता येत नाही, आणि मोजणीचा घोळ बराचसा येथूनच सुरू होतो.

उरला प्रश्न ‘आउट’, ‘डाउन’, ‘इनटू’ अशा लहान शब्दांचा, ज्यांच्या जोडीने इंग्रजी क्रियापद नवे अर्थ धारण करते.

मीमांसक : ‘रन आउट’ म्हणजे संपणे हा अर्थ कोशात ‘रन’च्या नोंदीत मांडला जातो. पण ‘सेल आउट’, ‘बर्न आउट’, ‘डाय आउट’ या सर्वांत संपण्याची छटा आहे, म्हणजे ती ‘आउट’ची आहे. क्रियापदाच्या खात्यावरील असे उसने अर्थ काढून टाकले, तर मोठमोठे आकडे लक्षणीयरीत्या खाली येतील.

कोशकार : मग ‘रन डाउन’ घ्यावे. मोटारीने पादचाऱ्याला उडवणे, बॅटरी उतरत जाणे, एखाद्याची निंदा करणे आणि शिकारीचा पाठलाग करून तिला गाठणे, हे चारही अर्थ त्या एका जोडीला आहेत. ‘डाउन’ तेच, ‘रन’ तेच, तरी अर्थ चार. आणि क्रिकेटमधील ‘रन आउट’मध्ये काहीही संपत नाही, फलंदाज धाव घेताना क्रीजबाहेर असतो आणि यष्टी उडते. मराठी समालोचकाने तो शब्द ‘रनआउट’ असा जसाच्या तसा उचलला, कारण घटकांची बेरीज करून तो अर्थ हाती लागत नाही.

हा वाद यास्काच्या निरुक्तात जवळजवळ याच रूपात आलेला आहे. उपसर्गांना स्वतंत्र अर्थ नसतो, ते नाम किंवा क्रियापद यांच्याशी जोडले गेल्यावर त्यांचाच अर्थ उजळतात, असे शाकटायनाचे मत तेथे नोंदवले आहे, आणि उपसर्गांना स्वतःचे नानाविध अर्थ असतात, असे गार्ग्याचे मत त्याच्यासमोर ठेवले आहे. आहार, विहार, प्रहार आणि संहार हे सर्व ‘हृ’ या एका धातूचे असूनही जेवणापासून विनाशापर्यंतचे अंतर पार करतात, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. इंग्रजीच्या बाबतीत मीमांसक गार्ग्याच्या आणि कोशकार, थोडे अनपेक्षितपणे, शाकटायनाच्या जवळ जातो. ‘सेल आउट’सारख्या उदाहरणांत गार्ग्य बरोबर ठरतो आणि ‘रन डाउन’सारख्या उदाहरणांत कोणीच पुरेसा ठरत नाही, कारण तेथे जोडी हाच एक शब्द झालेला असतो.

अर्थांची मोजदाद आणि क्रमवारी हा केवळ पंडितांचा विरंगुळा असता, तर तो दोघांवर सोडून देता आला असता. परंतु १९९८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे ‘मस्करेलो विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ या खटल्यात ‘कॅरी’ या तितक्याच साध्या क्रियापदाचा प्रश्न आला. अमली पदार्थांच्या व्यवहाराच्या वेळी बंदूक ‘कॅरी’ करणाऱ्याला किमान ५ वर्षांची सक्तीची शिक्षा सांगणारा कायदा होता, आणि आरोपीची बंदूक अंगावर नसून त्याच्या वाहनातील कुलूपबंद कप्प्यात होती. बहुमताचा निर्णय लिहिणाऱ्या न्यायमूर्ती ब्रायर यांनी कोशांत पहिल्या क्रमांकावर दिलेल्या अर्थाचा आधार घेऊन, वाहनातून नेणे हाच ‘कॅरी’चा प्रधान अर्थ असल्याचे म्हटले, आणि वृत्तपत्रांच्या संगणकीय संग्रहांतील वाक्येही तपासली; तर न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी विरोधी मतात, बंदुकीच्या संदर्भात ‘कॅरी’ म्हणजे ती अंगावर, वापरण्यास सिद्ध अशी बाळगणे, असे प्रतिपादन केले. निकाल ५ विरुद्ध ४ असा लागला.

कोशकार : ऑक्सफर्डच्या कोशात अर्थांचा क्रम इतिहासाचा असतो, म्हणजे जो वापर आधी आढळला तो आधी. पहिला क्रमांक हा प्राधान्याचा दाखला नाही, आणि तो तसा वाचला गेला याचा दोष कोशाकडे येत नाही.

मीमांसक : मग क्रमांक घालताच कशाला? आपण एकदा अंक छापला की वाचणाऱ्याला वाटते, भाषेतच तेवढ्या वस्तू वेगवेगळ्या ठेवलेल्या आहेत.

येथे दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच उपाय क्रमांकात सापडणार नाही. ‘रन’चा अर्थ प्रत्यक्षात ठरतो तो कोण ‘रन’ करते आणि काय ‘रन’ केले जाते यांवरून: कर्ता द्रव असला की वाहणे, कर्ता रंग असला की धुताना दुसऱ्या कापडावर उतरणे, कर्म संस्था असली की चालवणे, कर्म अडसर असला की भेदणे. ही नाती एका गाभ्यातून निगमनाने निघत नाहीत, हा कोशकाराचा विजय. आणि ती ६४५ सुट्या तुकड्यांतही वाटता येत नाहीत, हा मीमांसकाचा. जॉन सिंक्लेअर यांच्या संपादनाखाली १९८७ साली निघालेल्या ‘कोबिल्ड’ कोशाने प्रत्यक्ष वापरातील वाक्यांचा मोठा संग्रह आधाराला घेतला आणि व्याख्याही पूर्ण वाक्यांत लिहिल्या, त्यामुळे क्रियापदाबरोबर त्याचा नेहमीचा कर्ता व कर्म वाचकासमोर आपोआप येतात. इंग्रजी–मराठी कोश नव्याने करणाऱ्यांनी ‘धावणे, वाहणे, चालणे, चालवणे’ अशी पर्यायांची माळ देण्याऐवजी प्रत्येक पर्यायाआधी तो ज्या नामांबरोबर येतो ती नामे द्यावीत. नोंद लांबेल, पण ‘रन अ टेम्परेचर’पाशी अडलेल्या विद्यार्थ्याला तिचा उपयोग होईल.